एकवीसचं पासिंग, वीसची गाडी

सेकंडहँड स्विफ्ट घ्यायला निघालं की विकणारा सगळ्यात आधी साल सांगतो. ‘अठराची आहे’, ‘एकवीसची आहे’. त्या सालावर भाव ठरतो, कर्ज ठरतं आणि घरी सांगतानाही आपण सालच सांगतो. पण या गाडीच्या बाबतीत नुसत्या सालावरून गाडीत नेमकं काय आहे ते कळत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेला हा आकार मे २०२४ पर्यंत चालला. बाहेरून जवळपास तीच गाडी, पण पेट्रोलमध्ये तिचे तीन टप्पे आहेत. पहिला बीएस ४ चा (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष): के१२एम इंजिन, ८३ पीएस ताकद, कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज लिटरला २२ किलोमीटर. जून २०१९ मध्ये तेच इंजिन बीएस ६ झालं. सक्ती १ एप्रिल २०२० पासून होती, स्विफ्ट त्याच्या बरीच आधी बदलली आणि कागदावरचं ॲव्हरेज २१.२१ वर आलं. तिसरा टप्पा, म्हणजे चेहरा थोडा बदललेली ‘फेसलिफ्ट’, फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी आला. समोरच्या जाळीतून आडवी क्रोमची पट्टी गेली आणि बोनेटखाली के१२एन ड्युअलजेट इंजिन बसलं: ९० पीएस, ॲव्हरेज २३.२०, सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं. म्हणजे २०१९ ची स्विफ्ट दोन प्रकारची असू शकते आणि २०२१ चीसुद्धा. हे मला गाड्या बघायला सुरुवात करायच्या आधी समजलं, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

माझी गरज साधी होती. राहायला साताऱ्यात, नोकरी वाईला. पाचवडमार्गे जाऊन-येऊन रोजचे सत्तर किलोमीटर, वर्षाला अठरा हजारांच्या आसपास. हायवेवर स्कूटर आता नको, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं आणि माझंही. शिवाय आईला तपासणीसाठी अधूनमधून पुण्याला न्यावं लागतं. सगळं धरून सहा लाखांच्या वर जायचं नाही, असं ठरवलं होतं.

नवीच का घेत नाहीस, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. तो रास्तही होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेस धरून २९ टक्क्यांवरून १८ वर आला आणि नव्या गाड्या साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरल्या. तरीही मधलं व्हेरियंट रस्त्यावर येईपर्यंत साडेसात लाखांच्या पुढे जात होतं. नवी परवडत नव्हती, पण तिची उतरलेली किंमत घासाघिशीत माझ्या बाजूने बोलणार होती. बऱ्याच जणांनी आपल्या गाडीचा भाव कर उतरायच्या आधीच मनात पक्का केलेला होता. त्यांना नव्या गाडीचं ताजं कोटेशन दाखवलं की बोलणं जमिनीवर यायचं.

स्विफ्टच का, याबद्दलही लिहिते, कारण घरात यावरून बरीच चर्चा झाली. क्रॅश टेस्टमध्ये ही गाडी चांगली नाही. ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये तिला दोन स्टार दिले आणि २०२२ मध्ये एक. याचा अर्थ नंतरची गाडी आधीपेक्षा वाईट झाली असा नाही, मधल्या काळात चाचणीचे निकष कडक झाले. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांचे स्टार समोरासमोर ठेवताना चाचणी कोणत्या निकषांवर झाली ते बघावंच लागतं. टाटा टियागोला २०२० मध्ये चार स्टार मिळाले होते आणि माझा ओढा तिकडे होता. पण आमच्या भागात मनासारखी टियागो मिळेना. ज्या मिळाल्या त्यांचे कागद अर्धवट होते. शेवटी माहितीचा फिटर, जवळचं सर्व्हिस सेंटर आणि कुठेही मिळणारे पार्ट या हिशेबाने स्विफ्टवर आलो. या गाडीच्या सगळ्या व्हेरियंटना २०१८ पासूनच दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत, तेवढा आधार होता.

गाडी बघायला माझ्यासोबत नाना यायचे. नाना वडिलांचे मित्र, गोडोलीत त्यांचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘पोरी, आधी कागद माग, मग गाडी बघ. गाडी बघितली की मन बसतं, मग कागदातलं काय दिसत न्हाय.’’ त्यामुळे आम्ही प्रत्येक ठिकाणी आरसीचा फोटो आधी मागवला. आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष वेगळं असतं, पासिंगची, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीची, तारीख वेगळी असते आणि इंजिन नंबरची सुरुवातच के१२एम किंवा के१२एन अशी असते. बीएस ४ की ६, तेही नोंदीत कळतं. नंबर टाकून सरकारी ॲपवर बोजा (कर्जाची नोंद), इन्शुरन्स आणि मालक कितवा, हे घरी बसून दिसतं. थकलेली चलनं वेगळी तपासायची. एवढ्यावरच निम्म्या गाड्या गळाल्या. एका २०१९ च्या गाडीत सीएनजी ‘कंपनी फिटेड’ असल्याचं सांगितलं होतं. कंपनीची सीएनजी स्विफ्ट ऑगस्ट २०२२ मध्ये आली, त्यामुळे ते किट बाहेरूनच बसवलेलं असणार. बाहेरून बसवण्यात गैर काही नाही, पण त्याची नोंद आरसीवर लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, लागते. त्या गाडीकडे यातलं काहीच नव्हतं.

पहिली मनात भरलेली गाडी सप्टेंबर २०१८ ची होती. शाहूपुरीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची, एकहाती, सात वर्षांत २९ हजार रनिंग. सरांनी सर्व्हिसची सगळी बिलं तारखेप्रमाणे फाइलला लावून ठेवली होती. मागितले साडेचार लाख आणि आधीच सांगितलं, ‘‘यात घासाघीस नको, मी वाजवी सांगितलंय.’’ खरंच वाजवी होतं.

नानांनी तासभर बघितली. रंग मूळचा, कुठे ठोक नाही, इंजिन मिठासारखं स्वच्छ. पण गाडी उभी राहून म्हातारी होते हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. टायरच्या कडेला चार आकड्यांचा छाप असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. या गाडीच्या चारही टायरवर ३११८, म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा. नानांनी अंगठ्याने रबर दाबून त्या उघडून दाखवल्या. रोज हायवेला ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हे टायर चालणार नाहीत. बॅटरी नुकतीच बदललेली, पण खालचे रबरी बुश कडक झालेले. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, त्यामुळे नव्या सुरक्षा नंबरप्लेट आपल्याला बसवाव्या लागणार. प्लेटचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी, रक्कम छोटी, पण ती प्लेट नसेल तर आरटीओत ट्रान्सफरच अडतं. जुलै २०१९ पासून सक्तीचे झालेले मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना देणारा आवाज या गाडीत नव्हता. हे सगळं करायचं तर तीस हजार तरी लागणार होते.

त्याहून मोठी अडचण बँकेत आली. गाडीचं वय आणि कर्जाची मुदत मिळून दहा वर्षांच्या वर जाऊ देत नाही, असं आमच्या बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. म्हणजे या गाडीला तीनच वर्षांचं कर्ज. हप्ता माझ्या पगाराला जड होता. मी सरांना तसं स्पष्ट सांगितलं आणि आठवडाभराची मुदत मागितली. त्यांनी दिली.

दुसरी गाडी मार्च २०२० ची, बीएस ६, कराडजवळच्या एका डीलरकडे. पासिंग एमएच ०८, रनिंग ३१ हजार, किंमत चार पंच्याऐंशी. कागदावर ही सगळ्यात सरस. सरांच्या गाडीपेक्षा दीड वर्षाने नवी आणि पस्तीस हजारांचाच फरक. डीलर म्हणाला, ‘‘मॅडम, कोकणातली घरगुती गाडी आहे, चालवलीच नाही कुणी.’’ दार उघडलं की अत्तराचा वास यायचा. सीटकव्हर नवी, खालची मॅट नवी, डॅशबोर्ड पॉलिश केलेला.

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा आणि त्यात चिपळूण आलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं, गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. जिल्ह्यातली प्रत्येक गाडी बुडालेली नसते, पण त्या पासिंगची २०२१ च्या आधीची गाडी असेल तर बघावंच लागतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरामुळे सांगली-कोल्हापूरच्या, म्हणजे एमएच १० आणि ०९ च्या गाड्यांनाही तेच लागू. नाना दारातून आत वाकले आणि त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. आपण बेल्ट छातीपर्यंत ओढतो, तेवढा भाग डीलरने धुतलेला होता. नाना ओढतच राहिले, अगदी शेवटपर्यंत, बेल्ट आणखी येईना तिथपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक आडवी, तांबूस, नखाने खरवडली तर भुकटी पडेल अशी रेघ होती.

‘‘गाळ हाय ह्यो,’’ नाना हळूच म्हणाले.

मग ते खाली बसले. सीट पूर्ण मागे सरकवून रुळाचे बोल्ट दाखवले, चारही गंजलेले. डॅशबोर्डच्या खाली मोबाइलचा उजेड मारला तर वायरच्या एका जोडावर हिरवट-पांढरं साचलेलं. डिकीत स्टेपनी बाहेर काढली, तिच्या खाचेत कोपऱ्याला बोटभर सुकलेली बारीक माती. डीलर म्हणाला की कोकणात गंज असतोच. असतो, पण खाऱ्या हवेचा गंज गाडीला खालून आणि कडांना लागतो. सीटबेल्टच्या गुंडाळीत माती हवेने जात नाही. सर्व्हिसची नोंद काढली तेव्हा २०२१ च्या जूनपर्यंत सगळं वेळेवर होतं, मग नऊ महिने काहीच नाही, आणि नंतरच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या जिल्ह्यातल्या.

पुरात गेलेली गाडी अशी विकताना तिचा इतिहास लपवणं हा माझ्या मते निव्वळ फसवणुकीचा प्रकार आहे, आणि त्यात माणसाच्या जिवाशी खेळ आहे. एअरबॅगचं कंट्रोल युनिट गाडीच्या तळाशी, मधल्या भागात असतं. त्यात पाणी शिरून गेलं असेल तर वेळेला बॅग उघडेल की नाही, हे कोण सांगणार? आम्ही डीलरला काही न बोलता निघणार होतो, पण मला राहवलं नाही. मी त्याला तो बेल्ट दाखवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हे सांगा, असं म्हटलं. तो काही बोलला नाही.

यानंतर खरी फेसलिफ्ट बघितली. ऑगस्ट २०२१ ची, एमएच १२, पुण्यातल्या एका नोकरदाराकडे, दुसरा मालक, ७८ हजार रनिंग, मागणी पावणेसहा लाख. चालवायला घेतल्याबरोबर फरक जाणवला. जुन्या इंजिनापेक्षा ही हलकी पळते, खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यावर कुरकुर न करता गेली. इथे मी घरी बसून हिशेब मांडला. कंपनीचे आकडे रस्त्यावर मिळत नाहीत. नानांच्या गिऱ्हाइकांच्या अनुभवाने जुन्या इंजिनाला सतरा आणि ड्युअलजेटला एकोणीस धरले. अठरा हजार किलोमीटरला पहिल्याला १,०५९ लिटर लागतं, दुसऱ्याला ९४७. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला साडेअकरा हजारांची बचत.

मी आणखी एक गणित करत होते. गाडीची किंमत आणि लगेच करावी लागणारी कामं यांची बेरीज घ्यायची आणि पासिंगला पंधरा वर्षं पुरी व्हायला जितकी वर्षं उरली, तितक्यांनी भागायची. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी करता येते, पण तेव्हा फिटनेस, फी आणि पर्यावरण कर आला, म्हणून तिथेच रेघ ओढली. सरांची गाडी वर्षाला साठ हजारांना पडत होती. पुण्याची फेसलिफ्ट, टायर आणि क्लचसकट, सत्तावन्नला. त्यातून पेट्रोलची बचत वजा केली की पंचेचाळीस-शेहेचाळीस. महागडी दिसणारी गाडीच स्वस्त होती. रनिंग जास्त असलं तरी ते हायवेचं होतं आणि सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली होती, त्यामुळे मला ७८ हजारांची भीती वाटली नाही.

पण बोनेट उघडल्यावर नानांना उजव्या बाजूचं ॲप्रन, म्हणजे चाकावरचा आतला पत्रा, खटकलं. कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. डाव्या बाजूला ते तसे होते, उजवीकडे त्यांच्या जागी सीलंट थापलेलं आणि वर रंग. रेडिएटरचा वरचा सपोर्ट नवा, बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला. बंपर किंवा फेंडर बदललेला असता तर आम्ही घेतली असती, हायवेच्या गाडीला तेवढं होतंच. ॲप्रनपर्यंत मार गेला म्हणजे धडक मोठी होती. विकणाऱ्याने ‘थोडं घासलं होतं’ एवढंच सांगितलं. कदाचित त्याला आधीच्या मालकाने तेवढंच सांगितलं असेल. हिशेबात ती गाडी पहिली होती आणि मला ती सोडताना खरंच वाईट वाटलं.

दरम्यान ओळखीतून आणखी एक आली, ‘एकवीसचं मॉडेल, नवीन इंजिन, सिंगल ओनर’, एमएच ११, रनिंग ४१ हजार, मागणी पाच सत्तर. मालक कोरेगावचे, घरचा व्यवसाय, मोठी गाडी घेतल्यामुळे ही काढत होते. आरसीचा फोटो आला. पासिंग मार्च २०२१. बनल्याचा महिना डिसेंबर २०२०. इंजिन नंबरची सुरुवात के१२एम.

फेसलिफ्ट आली फेब्रुवारीच्या शेवटी. डिसेंबरमध्ये बनून शोरूमच्या यार्डात उभी असलेली जुनी गाडी मार्चमध्ये विकली गेली होती. तेव्हा त्यांना वर्ष बदलल्याची सूट मिळाली असणार आणि मिळाली होतीच, त्यांनी स्वतः सांगितलं. ‘नवीन इंजिन’ हे ते फसवायला म्हणत नव्हते. एकवीसची म्हणजे नवीनच, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. मी त्यांना फोटोत क्रोमची पट्टी असलेली आणि नसलेली जाळी दाखवली, इंजिन नंबर दाखवला. ते थोडे वरमले, मग म्हणाले, ‘‘ताई, मग तुम्हीच सांगा काय धरायचं.’’

त्याआधी गाडी बघितली. थंड इंजिनावर पहिल्या हाकेला चालू. टायरवर ४६२०, स्टेपनीवरही तोच आठवडा आणि ती कधी जमिनीला लागलेलीच नाही. म्हणजे टायर गाडीबरोबरचे, ४१ हजाराला शोभतील असे झिजलेले, काटा मागे फिरवल्याचा संशय घ्यायला जागा नाही. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतले किलोमीटरही जुळले. डाव्या मागच्या दाराला रंग मारलेला होता, तो त्यांनी आम्ही विचारायच्या आधीच सांगितला, गेटला घासली म्हणून. नानांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. बीएस ६ होती. मागचे सेन्सर होते आणि ऐंशीच्या वर गेलं की ती टिंग करून आठवण देत होती. यवतेश्वरचा घाट चढून उतरलो, क्लच मऊ, ब्रेक एका सरळ रेषेत.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विषय मी सगळ्या गाड्यांच्या बाबतीत मनात ठेवला होता. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांचं ॲव्हरेज काहीसं घटतं, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं आहे, आणि बऱ्याच रनिंगनंतर काही रबरी पार्ट आणि गास्केट बदलावे लागू शकतात. पण माझ्या यादीतल्या सगळ्याच गाड्या २०२३ च्या आधीच्या होत्या, त्यामुळे एकीला सोडून दुसरी घ्यायला ते कारण होऊ शकत नव्हतं. ज्याला २०२२ ची आणि २०२३ च्या उन्हाळ्यातली अशा दोनांत निवडायचं आहे, त्याने मात्र हे जरूर बघावं.

भावाचं बोलणं त्यांच्या ओसरीवर झालं. मी म्हटलं, ‘‘काका, बाजारात भाव बनल्याच्या वर्षाचा होतो. वीसची, जुन्या इंजिनाची, एकहाती गाडी पाचच्या आसपास जाते. तुमची गाडी चांगली आहे म्हणून मी त्यावर देते, पण ड्युअलजेटचे पैसे मी देणार नाही.’’ नव्या गाडीचं कोटेशनही समोर ठेवलं. काकूंनी मध्येच येऊन ‘पोरगी नोकरीला जायला घेतेय, जास्त ताणू नका’ असं सांगितलं, त्याचा मला फायदा झाला हे मान्य करते. पाच लाख पंधरा हजारांवर ठरलं.

या व्यवहारातली माझ्या बाजूची गोष्ट अशी की भाव वीसचा लागला आणि पंधरा वर्षं मोजायची ती पासिंगपासून, म्हणजे मार्च २०३६ पर्यंत. टायरसकट वर्षाला बावन्न हजारांच्या आसपास पडते. बँकेनेही पाच वर्षांचं कर्ज दिलं. यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीला नवी घेताना लोक नाक मुरडतात, ते बरोबर आहे, पण पाच वर्षांनी सेकंडहँड घेताना तिचा विचार अवश्य करावा, फक्त पैसे कोणत्या सालाचे देतोय ते नक्की ठरवून. सरांना मी लगेच फोन करून सांगितलं. त्यांची गाडी त्याच आठवड्यात त्यांच्या विद्यार्थ्याने घेतली.

कागदांत एकच अडलं. काकांचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बहुतेकांचं असंच असतं, हप्ते संपले की माणूस ते विसरतो. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरेपर्यंत मी दहा हजार टोकन दिलं आणि तसं कागदावर लिहून घेतलं, बाकी रक्कम थांबवली. मग मालकी बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या. त्याआधीचं चलन त्यांचं, नंतरचं माझं.

इन्शुरन्स मार्चपर्यंत होता. तो चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. काकांचा ४५ टक्के नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्यांचाच राहतो आणि त्यांना त्यांच्या गाडीला लावता येतो. उरलेल्या महिन्यांचा तेवढा फरक मी भरला. काकांना हे माहीत नव्हतं. त्यांना कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी भावात सोडलेल्या पैशातला थोडा भाग त्यांना तिथे परत मिळाला, याचं मला बरं वाटलं.

टायर पाच वर्षांचे झालेत म्हणून चारही बदलले, १६५/८० आर १४ हाच मूळचा साइज ठेवला. वाईच्या रस्त्यावर सध्या सव्वासतरा-साडेसतराचं ॲव्हरेज पडतंय. उन्हाळ्यात एसी लागला की सतराच्या खाली येईल, असं नाना म्हणतात.